सुधारणेच्या नावाखाली : स्कॅनरमधल्या 'ऑटो'ला खुले पत्र

'ऑटो' मोड यास,
मुक्काम : कुठल्याही घरगुती स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पहिलीच खिडकी.

नमस्कार घालून पत्र सुरू करावं असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्या घरातल्या जुन्या फोटोंचं तू जे केलंस त्याचा जाब विचारायला हे पत्र लिहिते आहे. ते खुलं अशासाठी, की हा उद्योग तू फक्त आमच्या घरी केलेला नाहीस. पत्र्याच्या ट्रंकेतले फोटो 'एकदाचे डिजिटल करून टाकू' म्हणून जिथे जिथे स्कॅनरच्या काचेवर पालथे पडले, तिथे तिथे तुझा हात फिरला आहे. आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ताही नाही.

तुझं वागणं मला माहीत आहे. काचेवर काय ठेवलंय ते तू स्वतःच ठरवतोस. फोटो आहे की कागद, रंगीत आहे की काळा-पांढरा, कडा कुठे संपतात, उजेड किती हवा, रंग कुठले 'चुकले' आहेत, कचरा कुठला आणि चित्र कुठलं, हे सगळं तुझ्या मनाने. मग एक निळी पट्टी सरकते आणि फाइल तयार. मधल्या वेळात काय काय काढून टाकलंस, ते तू सांगत नाहीस. काढलेलं कुठे ठेवतही नाहीस.

आता एक फोटो घेऊ.

माझ्या आजीच्या पहिल्या संक्रांतीचा स्टुडिओतला फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, कडेला पांढरी किनार. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने : मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. फोटोग्राफर जाणता असणार, कारण उजेड त्याने एका बाजूने असा टाकला आहे की भिंग धरलं तर हलव्याच्या दाण्यावरचा काटा दिसतो. ज्या घरातल्या बायकांनी शेगडीशी बसून, परातीत पाकाचा एकेक थेंब सोडत, बोटांनी फिरवत तो काटा आणला, त्यांची मेहनत त्या कागदावर शाबूत आहे. शिवाय फोटो धुऊन झाल्यावर स्टुडिओवाल्याने बारीक कुंचल्याने एकाच जागी रंग भरला आहे : कपाळावरच्या कुंकवात. तांबडा, किंचित ओघळलेला.

हा फोटो नातेवाइकांनी एका दुकानात स्कॅनला दिला. परत आला तेव्हा पाकिटात मूळ फोटोही होता, हे आमचं नशीब. मी मूळ फोटो टेबलावर ठेवला, शेजारी स्क्रीनवर तुझी फाइल उघडली.

बाजूबंद अर्धा गेला आहे. मुकुटाला मध्येच टक्कल पडलं आहे. काळ्या लुगड्यावर पांढरे ठिपके दिसले, ते तू धूळ समजलास आणि पुसलेस. जिथे दाणे एकमेकांना चिकटून होते तिथे ते राहिले, पण त्यांचा एक सपाट पांढरा पट्टा झाला. काटा वगैरे काही नाही. चंद्रकळेचं सूत, निऱ्यांच्या घड्या हे सगळं एका डांबरी काळ्यात बुडालं. आणि कुंकू करडं झालं. 'फोटो काळा-पांढरा आहे' असा निकाल तू सुरुवातीलाच दिलास. मग एवढ्याशा तांबड्या ठिपक्याची तुला काय पर्वा? आजी त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची नवी नवरी होती आणि तिच्या कपाळावर तो रंग कुणी तरी हौसेने भरला होता. तो पुसायचा अधिकार तुला कुणी दिला?

हे कसं घडतं ते मी नीट समजून घेतलं, कारण 'यंत्र आहे, चालायचंच' हे उत्तर मला पटत नाही.

धूळ काढण्याचा एक खरा उपाय आहे, पण तो फिल्मसाठी. रंगीत निगेटिव्हच्या रंगांतून अवरक्त किरण आरपार जातात, धुळीच्या कणापाशी आणि ओरखड्यापाशी अडतात. म्हणून तशा किरणांनी एक जादा फेरी मारली की यंत्राला धूळ नेमकी कुठे आहे ते कळतं. 'डिजिटल आइस' म्हणून जे तंत्र प्रसिद्ध आहे ते हेच. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ते चालत नाही, कारण तिथलं चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी ते किरण अडवते. कागदावरच्या फोटोंसाठी तर घरगुती यंत्रांत बहुधा असलं काहीच नसतं. तिथे 'डस्ट रिमूव्हल' नावाची जी चौकट तू गुपचूप टिकमार्क करून ठेवतोस, ती निव्वळ अंदाजावर चालते : आजूबाजूच्यापेक्षा वेगळा दिसणारा बारीक ठिपका दिसला की तो शेजारच्या रंगाने भरून टाकायचा. ठिपका कशाचा आहे हे तुला कळत नाही. कळत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. कळत नसताना हात घालतोस, ही तक्रार आहे.

मराठी घरातल्या फोटोंत बारीक ठिपक्यांना किती अर्थ असतो, याचा हिशेब तुझ्या कर्त्यांनी कधी केलाच नसणार. बाळाच्या गालावरची तीट. पणजीच्या हनुवटीवरचं गोंदण. नथीतला मोती. मुंडावळ्यांचे सर. आणि लग्नाच्या फोटोत, अंतरपाट नुकताच दूर झालेला असताना, फ्लॅशच्या उजेडात हवेत थिजलेल्या अक्षता. माझ्या मावशीच्या लग्नातला तो फोटो तुझ्याकडून परत आला तेव्हा हवा साफ होती. माणसांचे हात वर उचललेले, मुठी उघडलेल्या, आणि मधे काहीही नाही. खडे निवडायला बसवलेल्याने तांदूळच फेकून द्यावेत, असं हे काम.

त्याच अल्बममधला हळदीचा फोटो बघ. १९८४ सालचा, रंगीत. त्या काळातल्या रंगीत कागदांची खोड आता सगळ्यांना दिसते : अल्बम बंद ठेवला तरी आतला निळसर-हिरवा रंग विरत जातो आणि फोटो तांबूस पडतो. तो तांबूसपणा कमी करावासा वाटणं चूक नाही. पण तू तो कमी कसा करतोस? तुझं गृहीतक असं, की कुठल्याही चित्राची सरासरी काढली तर ती राखाडीच्या आसपास यायला हवी. एखादा रंग जास्त झाला तर तो दोष. हळदीच्या फोटोत काय असतं? पिवळी नवरी, पिवळ्या करवल्या, पिवळं पातळ, पाटाभोवती सांडलेली हळद. तुला ते पिवळं 'जास्त' वाटलं आणि तू ते उपसून काढलंस. मावशीचं तोंड राखेसारखं झालं, मागच्या चुन्याच्या भिंतीवर निळी झाक आली. हळद उतरवलेली हळद! फोटो बघून तिची नात विचारते की आजी आजारी होती का. या प्रश्नाचं उत्तर तू द्यायला हवंस.

पांढऱ्याचं आणि काळ्याचं दुखणं त्याहून मोठं आहे, कारण ते पटकन दिसत नाही. तू चित्रातला सगळ्यात उजळ भाग शोधतोस आणि ढकलून पार पांढरा करतोस. सगळ्यात गडद भाग पार काळा. चित्र 'उठून' दिसतं, दुकानात गिऱ्हाईक खूश होतं. पण आठ बिटांच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्याच मुळात २५६. वरच्या दहा-पंधरा पायऱ्या तू एकाच पांढऱ्यात गोळा केल्यास की त्यांत जे होतं ते गेलं, आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत येत नाही. आजोबांच्या पांढऱ्या टोपीची खळ घातलेली कडक घडी, सदऱ्याच्या बटनपट्टीची शिवण, धोतराच्या निऱ्या या सगळ्या त्या दहा-पंधरा पायऱ्यांमध्ये राहतात. आमच्या मागच्या पिढ्यांमधले पुरुष पांढरे कपडे घालत आणि बायका सणाला गडद लुगडी नेसत. म्हणजे तू नेमकी दोन्ही टोकं छाटतोस, आणि आमचे कपडे नेमके त्याच दोन टोकांना.

याच काचेवर सोळा बिटांनी स्कॅन केलं तर दर रंगाला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. ती सोय तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. पण ती सापडायला 'प्रोफेशनल' नावाच्या कप्प्यात शिरावं लागतं. हा कप्पा एका बारीकशा बाणामागे लपवून ठेवणाऱ्या तुझ्या मालकांनाही हे पत्र लागू आहे. त्यांनी तुला पहिल्या खिडकीत मोठ्या बटणावर बसवलं, आणि 'आहे तसं घ्या' हा साधा पर्याय तीन पायऱ्या खाली दडवला.

कडांचंही बोलते. अॅग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा आपल्याकडे घरोघरी होता. त्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. मोठा फोटो करून घेणं महाग, म्हणून पुष्कळ घरांत निगेटिव्हच्याच मापाचे छोटे फोटो असत, कडेला पांढरी किनार असलेले. कधी त्या किनारीवर महिना-साल छापलेलं असतं, कधी स्टुडिओचा उठावाचा शिक्का, कधी कुणी शाईने लिहिलेलं 'पन्हाळा'. तू आपोआप कापतोस ते नेमकं या किनारीच्या आतून. कोण, कुठे, केव्हा यांपैकी दोन उत्तरं तुझ्या कात्रीत जातात. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते तर तू विचारतही नाहीस. तो दोष एकट्या तुझा नाही, फोटो उलटून मागची बाजूही स्कॅन करायचं माणसांनाही सुचत नाही. मग त्या किनार कापलेल्या फाइलला तू स्कॅन केल्या दिवसाची तारीख चिकटवतोस, आणि फोनमधल्या अल्बममध्ये आजोबांची पन्हाळ्याची सहल गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाच्या शेजारी जाऊन बसते.

इतक्या छोट्या फोटोला तू स्वतःहून देतोस ३०० डीपीआय. सव्वादोन इंच गुणिले तीनशे, म्हणजे एका बाजूला जेमतेम पावणेसातशे ठिपके. बाराशेवर घेतलं असतं तर सत्तावीसशे मिळाले असते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता आला असता. उलट यादीत सगळ्यात खाली १२,८०० सारखे जे भव्य आकडे तू मिरवतोस, ते काचेखालच्या डोळ्याने पाहिलेले नसतात; दोन ठिपक्यांच्या मधे तू मनाने भरलेले असतात. लागतं तिथे हात आखडता, आणि नको तिथे मनची भर.

तुझ्या जातीची ही सवय किती दूर जाऊ शकते ते २०१३ साली जगाने पाहिलं. डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावर बांधकामाचा नकाशा स्कॅन केला तर खोल्यांची क्षेत्रफळं बदलतात. मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२, स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. अक्षरं स्वच्छ, ठसठशीत, आणि चुकीची. गाजावाजा झाला, कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. तिथे आकडा बदलला म्हणून आरडाओरडा झाला. आजीच्या बाजूबंदाचे दाणे मोजून ठेवणारं कुणी नसतं, म्हणून तुझ्यावर कधी बोंब झाली नाही.

आणि स्कॅनिंगची सुरुवात तरी कशाने झाली होती? १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकात पहिलं चित्र उतरवलं. ते होतं कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचं. पाच सेंटिमीटर चौरस, १७६ गुणिले १७६ ठिपके. जगातल्या पहिल्या स्कॅनसाठी एका बापाने घरातला फोटो नेला. त्या यंत्राची ताकद अगदी तुटपुंजी होती, तरी जे होतं ते त्याने प्रामाणिकपणे उतरवलं. एवढ्या वर्षांनी तुझ्या हाती हजारपट ताकद आली आणि तू ती पुसापुशीला लावलीस.

तुझी बाजूही मी पाहिली आहे. विजेचं बिल, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा यांच्यासाठी तू उपयोगाचा आहेस. तिथे कागद पांढरा आणि अक्षर काळं हवंच असतं. डाग गेला, कडा कापल्या, फाइल लहान झाली, सगळं चांगलंच. त्या कामावर तू राहा. फोटो हा कागद नाही. आणि दुकानदारावर माझा राग नाही. त्याला फोटोमागे मोजके पैसे मिळतात, चार-चार फोटो एकदम काचेवर ठेवून तो तुला दाबतो, कारण तुझ्याशिवाय ते भावात बसत नाही. तू त्याला सांगितलंस तरी का, की मी यातलं काही काढून टाकतोय?

मला घाई का आहे तेही ऐक. वाडे पडताहेत, चाळींचा पुनर्विकास होतो आहे, लोक दोन खोल्यांच्या घरात जाताना माळ्यावरचं ओझं कमी करतात. सगळ्यात आधी अल्बम जातात, कारण 'पेनड्राइव्हवर घेतलंय सगळं'. समुद्राकाठच्या घरांत बुरशीने आधीच अर्धे खाल्लेले असतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तर उपटताना फाटतात, तेही मग कचऱ्यात. म्हणजे तुझी फाइल ही प्रत राहत नाही, तीच मूळ होऊन बसते. अक्षता नसलेलं लग्न हेच लग्न. कुंकू नसलेली आजी हीच आजी. तुझ्या चुकीला साक्षीदार उरत नाही, म्हणून मला हे आज लिहायचं आहे, मूळ फोटो टेबलावर असताना.

मी स्वतः तो संक्रांतीचा फोटो पुन्हा स्कॅन केला, तुला बाजूला ठेवून. काच मऊ कापडाने पुसली, फोटोवरची खरी धूळ हातातल्या छोट्या फुंकणीने उडवली. धूळ काढायची जागा ही, स्कॅनच्या आधी, काचेवर. काळा-पांढरा असूनही रंगीतमध्ये घेतला, बाराशेवर, अठ्ठेचाळीस बिट, टिफ फाइल. रंगसुधार, धार, धूळ, आपोआप कापणं या सगळ्यांसमोरच्या खुणा काढल्या. हिस्टोग्राम उघडून दोन्ही टोकांचे त्रिकोण डोंगराच्या पायथ्याबाहेर ठेवले, म्हणजे काहीच छाटलं जाऊ नये. किनार पूर्ण राहील इतकी मोकळी चौकट आखली. मागची बाजू वेगळी घेतली. फाइल जड झाली, आणि पडद्यावर ती थोडी मळकट, फिकी दिसते. असू दे. तिच्यात काटा आहे, सूत आहे, कुंकू तांबडं आहे. उजळ प्रत कुणाला हवी असेल तर तिची नक्कल करून हवी तेवढी उजळावी, दहा वर्षांनी पुन्हा वेगळी उजळावी. व्ह्यूस्कॅन, सिल्व्हरफास्ट यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हीच रीत मुद्दाम ठेवली आहे : यंत्राने पाहिलेलं कच्चं रूप आधी जसंच्या तसं जपायचं, सुधारणा नंतर. म्हणजे हे अशक्य नाही, महागही नाही. फक्त तुझ्या जागी कुणी तरी 'आहे तसं' ठेवायला हवं.

तर तुझ्याकडून आणि तुझ्या मालकांकडून माझी मागणी अशी. काचेवर फोटो आहे हे तुला ओळखता येतं ना? मग तो ओळखल्याबरोबर थांब. काही पुसायचं असेल तर आधी काय पुसणार ते पडद्यावर लाल खुणेने दाखव आणि विचार. न सुधारलेली फाइल शेजारी ठेवल्याशिवाय सुधारलेली देऊ नकोस. आणि फोटो स्कॅन करणाऱ्या दुकानांनी पावतीवर लिहावं, ऑटोने केला की हाताने. गिऱ्हाइकाला दोन्ही भाव सांगावेत.

तुम्ही हे कराल तेव्हा कराल. आमच्याकडे मामाच्या मुंजीचा अल्बम आणि निगेटिव्हची तीन पाकिटं बाकी आहेत. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराशी बोलणं झालं आहे. मी त्याला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, तो बराच वेळ बाजूबंदाकडे बघत राहिला. फोटोमागे पैसे जास्त घेईन, दिवस जास्त लागतील, पण तुला बंद करून करीन, असं त्याने कबूल केलं आहे. सोमवारी अल्बम त्याच्याकडे नेते आहे.

कळावे.